न्यून रक्तदाब : संकल्पना व उपचार यांचा इतिहास

रोहिण्यांमधील रक्ताचा दाब महत्त्वाच्या इंद्रियांना पुरेसे रक्त पोहोचविण्यास अपुरा पडेल इतका कमी झाला म्हणजे त्या अवस्थेस न्यून रक्तदाब किंवा अल्परक्तदाब असे म्हणतात. ही व्याख्या कार्यावर आधारलेली आहे, आकड्यावर नाही. व्यवहारात प्रौढ व्यक्तीचा आकुंचन दाब ९० मिमी. पाऱ्यापेक्षा व प्रसरण दाब ६० मिमी. पाऱ्यापेक्षा कमी असल्यास तो न्यून मानण्याचा प्रघात आहे; परंतु ही सीमा सोयीसाठी आखलेली आहे. ९० मिमी. आकुंचन दाब असलेली सडपातळ तरुण स्त्री दिवसभर शेतात राबूनही पूर्णपणे निरोगी असू शकते. उलट, ज्याचा नेहमीचा दाब १८० मिमी. आहे अशा रुग्णाचा दाब जठरव्रणातील रक्तस्रावामुळे ११० मिमी. वर आला, तर तो आकड्याने ‘प्राकृत’ असूनही रुग्णाच्या जिवास धोका असतो. न्यून रक्तदाबाच्या कल्पनेचा इतिहास हा बव्हंशी आकडा व आजार यांतील हा भेद ओळखण्याचा इतिहास आहे आणि या भेदाकडे दुर्लक्ष झाले तेव्हा त्याची किंमत रुग्णांना मोजावी लागलेली आहे. [⟶ रक्तदाब, अवसाद].

चक्कर, घेरी, डोळ्यांपुढे अंधारी येणे, हातपाय गार पडणे, दरदरून घाम सुटणे व शुद्ध हरपणे ही लक्षणे सर्व प्राचीन वैद्यकपद्धतींना परिचित होती. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील चोविसाव्या अध्यायात मद, मूर्च्छा व संन्यास या बेशुद्धीच्या चढत्या अवस्थांचे वर्णन असून त्यांचा संबंध दूषित रक्ताशी जोडलेला आहे. नाडीपरीक्षेचा पद्धतशीर उल्लेख शार्ङ्गधरसंहितेत आढळतो. नाडी क्षीण लागणे हे वाईट चिन्ह आहे, हे वैद्यांना अनुभवाने ठाऊक होते. तथापि या ग्रंथांतील मूर्च्छेला सरसकट ‘न्यून रक्तदाब’ हा अर्थ चिकटविणे योग्य नाही. दाब ही मोजता येणारी राशी आहे ही कल्पना त्या काळी कोठेच नव्हती व ती नसताना ‘कमी’ किंवा ‘जास्त’ असे म्हणण्यासही आधार नव्हता.

मापनाचा आरंभ : रक्ताचा दाब प्रथम मोजण्याचे श्रेय इंग्लंडमधील टेडिंग्टन येथील धर्मोपदेशक व निसर्गवैज्ञानिक स्टीव्हन हेल्झ यांच्याकडे जाते. त्यांनी एका घोडीस जमिनीवर उताणी बांधून तिच्या मांडीच्या रोहिणीत पितळेची बारीक नळी घातली व तिला सु. ९ फूट लांबीची काचेची नळी जोडली. रक्त हृदयाच्या डाव्या निलयाच्या पातळीपासून ८ फूट ३ इंच उंच चढले. हा प्रयोग १७३३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात दिला आहे व तो उच्च दाबाच्या संदर्भात नेहमी सांगितला जातो. त्याचा उत्तरार्ध मात्र सहसा सांगितला जात नाही. हेल्झ यांनी त्या घोडीचे रक्त मोजून मापून थोडेथोडे काढले व दर वेळी नळीतील रक्ताची उंची नोंदविली. ती उंची एकसारखी उतरली नाही. मध्येच सावरे, काही वेळा थोडी वाढे व पुन्हा खाली येई. पुष्कळ रक्त गेल्यावर घोडीस गार, चिकट घाम सुटला व अखेरीस ती मेली. रक्तस्रावाने उद्‌भवणाऱ्या न्यून रक्तदाबाची ही पहिली संख्यात्मक नोंद होय. शरीर काही काळ दाब टिकवून धरते व मग एकाएकी हार खाते ही गोष्ट तीत स्पष्ट दिसते, पण तिचा अर्थ उमगण्यास पुढे दोनशे वर्षे लागली.

झां प्वाझय यांनी १८२८ मध्ये लांबलचक नळीऐवजी पाऱ्याचा दाबमापक वापरला, तेव्हापासून रक्तदाब मिमी. पाऱ्यात सांगण्याची पद्धत पडली. कार्ल लूटव्हिख यांनी १८४७ मध्ये दाबाचा आलेख काढणारे यंत्र तयार केले. १८५६ मध्ये फेव्हर या फ्रेंच शस्त्रक्रियाविशारदांनी अवयवच्छेदनाच्या वेळी माणसाच्या रोहिणीतील दाब प्रत्यक्ष मोजला, तो सु. १२० मिमी. भरला. या सर्व पद्धतींत रोहिणी उघडावी लागे, त्यामुळे रुग्णशय्येशी त्यांचा उपयोग नव्हता. झाम्यूएल फोन बाश यांनी १८८१ मध्ये त्वचेवरून दाब मोजणारे उपकरण बनविले आणि १८९६ मध्ये इटलीतील तूरिन येथे शिप्योने रीव्हा-रॉत्ची यांनी दंडाभोवती गुंडाळावयाच्या रबरी पट्ट्याचे साधे उपकरण प्रसिद्ध केले. त्यात मनगटाची नाडी बोटांनी चाचपून फक्त आकुंचन दाब कळे. रशियन शस्त्रक्रियाविशारद न्यिकली कोरोत्कॉव्ह यांनी १९०५ मध्ये कोपराच्या लवणीत श्रवणनलिका ठेवून येणाऱ्या ध्वनींवरून आकुंचन व प्रसरण असे दोन्ही दाब ठरविण्याची रीत सांगितली. त्यांचे निवेदन जेमतेम एका पानाचे होते.

अमेरिकन तंत्रिका-शस्त्रक्रियाविशारद हार्व्ही कुशिंग यांनी १९०१ मध्ये पाव्हीया येथील रुग्णालयात रीव्हा-रॉत्ची यांचे उपकरण पाहिले व ते बॉल्टिमोर येथे नेले. शुद्धिहरण केलेल्या रुग्णाचा दाब शस्त्रक्रिया चालू असताना वरचेवर मोजावा हा त्यांचा आग्रह होता. अनुभवी वैद्याच्या बोटापेक्षा यंत्र अधिक काय सांगणार, अशी शंका त्या काळी अनेक नामांकित डॉक्टरांनी व्यक्त केली. ती अगदीच निराधार नव्हती. बोट जे सांगते ते आकडा सांगत नाही हे नंतर कळून आले. तथापि घसरणारा दाब वेळीच लक्षात येण्याचे साधन प्रथमच हाती आले होते.

अवसाद व रणांगण : ‘शॉक’ हा शब्द इंग्रजी वैद्यकात आला तो फ्रेंच शस्त्रक्रियाविशारद ल द्रां यांच्या बंदुकीच्या जखमांवरील १७३७ च्या ग्रंथाच्या भाषांतरातून. जखम फारशी मोठी नसतानाही शिपाई पांढराफटक पडतो, नाडी लागत नाही व काही तासांत मरतो, याचे कोडे शतकभर सुटले नव्हते. जॉर्ज क्राइल यांनी १८९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कुत्र्यांचा रक्तदाब सतत मोजून अवसादात तो घसरतो हे दाखविले व मेंदूतील वाहिनीप्रेरक केंद्र थकल्यामुळे वाहिन्या सैल पडतात, असा निष्कर्ष काढला. त्यावर उपाय म्हणून त्यांनी रुग्णाचे पाय व पोट बाहेरून आवळणारा हवा भरलेला रबरी पोशाख योजिला. कारणाची उपपत्ती चुकीची ठरली. पोशाख मात्र निरनिराळ्या रूपांत पुन्हा पुन्हा अवतरला. दुसऱ्या महायुद्धातील वैमानिकांचे गुरुत्वरोधक कपडे त्याच तत्त्वावर बनविले होते. १९७० नंतर अमेरिकेत अपघातग्रस्तांसाठी तसाच पायजमा रुग्णवाहिकांतून सर्रास वापरला गेला. १९८९ मध्ये ह्यूस्टन येथील नियंत्रित चाचणीत त्याने जीव वाचत नाहीत असे दिसून आल्यावर तो मागे पडला.

पहिल्या महायुद्धात अवसाद हा सैनिकी वैद्यकाचा मुख्य प्रश्न बनला. ब्रिटिश शरीरक्रियावैज्ञानिक विल्यम बेलिस व अमेरिकन शरीरक्रियावैज्ञानिक वॉल्टर कॅनन यांनी आघाडीजवळच्या रुग्णालयांत जाऊन जखमींचा रक्तदाब मोजला. साधा लवण-विद्राव शिरेत सोडल्यास दाब वाढतो, पण तो वाहिन्यांतून झिरपून लगेच बाहेर जातो, म्हणून बेलिस यांनी त्यात बाभूळ वर्गातील झाडाचा डिंक सहा टक्क्यांच्या प्रमाणात मिसळला. हा विद्राव अधिक काळ टिके व त्याने दाब सुधारे. पण हा डिंक यकृतात साचून राहतो असे पुढे आढळले. १९१७ मध्ये ऑस्वल्ड रॉबर्टसन यांनी सायट्रेट घालून साठविलेले रक्त फ्रान्समधील आघाडीवर वापरले व रक्तपेढीच्या कल्पनेचा पाया घातला.

कॅनन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१८ मध्ये दिलेला एक इशारा आज वाचताना विशेष जाणवतो. रक्तस्राव थांबविण्याची सिद्धता नसताना विद्राव देऊन दाब चढविला, तर दाब कमी असल्यामुळे टिकून राहिलेली गुठळी निघून जाते व रुग्ण उरलेसुरले रक्तही गमावतो, असे त्यांचे म्हणणे होते. न्यून रक्तदाब हा नेहमीच शत्रू नसून काही वेळा तोच रुग्णाला तात्पुरता वाचवितो, हा त्यातील आशय. पुढील पिढ्यांना त्याचा विसर पडला. १९९४ मध्ये ह्यूस्टन येथेच धडावर भोसकल्याच्या वा गोळीच्या जखमा असलेल्या ५९८ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ज्यांना शस्त्रक्रियागृहात नेईपर्यंत विद्राव दिला नव्हता ते ७० टक्के जगले, तर रुग्णवाहिकेतच ज्यांना तो दिला गेला ते ६२ टक्के जगले. पंचाहत्तर वर्षांपूर्वीचे निरीक्षण अशा रीतीने पुन्हा शोधावे लागले.

अवसादाचे खरे कारण १९३० मध्ये आल्फ्रेड ब्लेलॉक यांनी स्पष्ट केले. चिरडलेल्या मांडीत एवढे रक्त व रक्तद्रव साचतात, की तेवढ्यानेच दाब कोसळण्याचे स्पष्टीकरण मिळते. अज्ञात विषाची किंवा केंद्राच्या थकव्याची कल्पना करावी लागत नाही, असे त्यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांनी दाखविले. दुसऱ्या महायुद्धात रक्तद्रव व रक्त मोठ्या प्रमाणावर देण्यात आले ते याच विचाराच्या आधारे.

याच सुमारास दुसरा, अधिक मोहक मार्ग उपलब्ध झाला होता, तो म्हणजे वाहिन्या आवळणाऱ्या औषधांचा. टॉमस ॲडिसन यांनी १८५५ मध्ये अधिवृक्क ग्रंथींच्या नाशाने होणाऱ्या विकाराचे वर्णन केले. त्यात कमालीचा अशक्तपणा, हृदयाची क्षीण क्रिया व त्वचेचा काळवंडलेला रंग ही लक्षणे होती. १८९४ मध्ये जॉर्ज ऑलिव्हर व एडवर्ड शेफर यांनी या ग्रंथींचा अर्क टोचल्यास रक्तदाब झपाट्याने चढतो हे दाखविले. जोकिची ताकामिने यांनी १९०१ च्या सुमारास त्यातील ॲड्रेनॅलीन शुद्ध स्फटिकरूपात मिळविले. आता दाब वाढविणारा पदार्थच हाती आला, तेव्हा न्यून रक्तदाबाचा प्रश्न सुटला असे वाटणे साहजिक होते. प्रत्यक्षात ॲडिसन रोगाचे रुग्ण ॲड्रेनॅलिनाने बरे होईनात. ज्याच्या अभावी ते मरत तो पदार्थ ग्रंथीच्या गाभ्यात नसून बाह्यकात होता. बाह्यकाचे परिणामकारक अर्क १९३० मध्ये तयार झाले व त्यानंतर लवकरच या रुग्णांच्या शरीरातून मीठ सतत निघून जाते असे आढळल्याने त्यांना भरपूर मीठ देण्यास सुरुवात झाली. पूर्वी हमखास मारणारा हा रोग कॉर्टिसोन (१९४९ नंतर) व फ्लुड्रोकॉर्टिसोन (१९५४ नंतर) यांमुळे आटोक्यात आला.

ऊल्फ फोन ऑयलर यांनी १९४६ मध्ये अनुकंपी तंत्रिकांच्या टोकांशी स्रवणारा पदार्थ नॉरॲड्रेनॅलीन हा आहे असे सिद्ध केले. पुढील दशकात अवसादात त्याचा व तत्सम औषधांचा सढळ वापर झाला. आकडा सुधारे, परंतु आधीच आक्रसलेल्या वाहिन्या अधिक आवळल्या गेल्याने वृक्क व आतडी यांचा रक्तपुरवठा तुटे आणि रुग्ण चांगल्या दाबानिशी मरे. या अनुभवाने १९६० नंतरच्या दशकात काही तज्ञ उलट टोकास गेले व त्यांनी वाहिन्या विस्फारणारी औषधे सुचविली. आज नॉरॲड्रेनॅलीन जंतुजन्य अवसादातील पहिल्या पसंतीचे औषध आहे, कारण तेथे वाहिन्या मुळातच सैल पडलेल्या असतात. पण मध्यमान दाब ६५ मिमी. च्या आसपास राखण्यापलीकडे तो चढविण्याचा आग्रह धरला जात नाही. डेट्रॉइट येथील एका रुग्णालयाने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या काटेकोर उपचारक्रमाने मृत्यूंचे प्रमाण खूप घटल्याचे दिसले होते. २०१४-१५ मधील तीन मोठ्या चाचण्यांत त्या क्रमाचा वेगळा लाभ आढळला नाही. लवकर निदान व लवकर प्रतिजैविके हाच त्यातील परिणामकारक भाग असावा असे मानले जाते. २०११ मध्ये केन्या, युगांडा व टांझानिया येथील ३,१४१ मुलांवर झालेल्या चाचणीचा निष्कर्ष त्याहून धक्कादायक होता. तीव्र संसर्ग व मंद रक्ताभिसरण असलेल्या या मुलांना शिरेतून झटपट विद्राव दिल्याने मृत्यू कमी न होता वाढले. श्रीमंत देशांतील अतिदक्षता विभागांचे नियम जसेच्या तसे अन्यत्र लावता येत नाहीत, हे त्यावरून स्पष्ट झाले.

पटकी व विंचूदंश : न्यून रक्तदाबाच्या उपचारांत भारतात झालेल्या कामाचा वाटा मोठा आहे. पटकीत तासागणिक काही लिटर पाणी व लवणे जुलाबावाटे जातात, रक्त घट्ट होते व नाडी नाहीशी होते. विल्यम ओशॉनेसी यांनी १८३१ मध्ये इंग्लंडमधील साथीत रुग्णांच्या रक्तातील पाणी व लवणे कमी झाल्याचे रासायनिक परीक्षेने दाखविले. हेच गृहस्थ पुढे कलकत्त्यास आले व हिंदुस्थानातील तारयंत्राचे जनक ठरले. त्यांच्या निष्कर्षावरून टॉमस लॅटा या स्कॉटिश डॉक्टरांनी १८३२ मध्ये मरणासन्न रुग्णांच्या शिरेत लवण-विद्राव सोडला. काही रुग्ण अक्षरशः उठून बसले. पण जंतुविरहित साधने नव्हती, विद्रावाचे प्रमाण ठरलेले नव्हते व बहुतेक वेळा रुग्ण हाताबाहेर गेल्यावरच हा प्रयोग होई. साथ ओसरताच पद्धतही विस्मृतीत गेली. विसाव्या शतकाच्या आरंभी लेनर्ड रॉजर्स यांनी कलकत्त्यात अधिक संहत लवण-विद्राव वापरून तिचे पुनरुज्जीवन केले. किती विद्राव द्यावयाचा हे त्यांनी अंदाजाने न ठरविता रक्तदाब व रक्ताचे विशिष्ट गुरुत्व यांवरून ठरविले, आणि मृत्यूंचे प्रमाण पूर्वीच्या निम्म्यावर आणले.

१९७१ मध्ये पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ आली तेव्हा शिरेतून द्यावयाचे विद्राव संपत आले. दिलीप महालनबीस यांनी १ लिटर पाण्यात २२ ग्रॅ. ग्लुकोज, ३·५ ग्रॅ. मीठ व २·५ ग्रॅ. खाण्याचा सोडा मिसळून ते रुग्णांच्या नातेवाइकांकरवी पाजविले. ग्लुकोजाबरोबर सोडियम व त्यामागोमाग पाणी आतड्यातून शोषिले जाते, हे तत्त्व तोवर प्रयोगशाळेत व रुग्णालयांत सिद्ध झाले होते. पण हजारोंच्या छावणीत अप्रशिक्षित हातांनी ते चालेल याची कोणास खात्री नव्हती. मृत्यूंचे प्रमाण सु. ३० टक्क्यांवरून ३·६ टक्क्यांवर आले. घरोघरी माहीत झालेले मीठ-साखरेचे पाणी हे त्याचेच सुटसुटीत रूप आहे. मात्र हे पेय पाणी व मीठ कमी झाल्यामुळे आलेल्या न्यून रक्तदाबावर उपयोगी पडते. कोणासही चक्कर आली की ‘बीपी लो झाले’ असे म्हणून ते पाजणे बरोबर नाही. हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णात त्यामुळे मोलाचा वेळ वाया जातो.

कोकणातील विंचूदंशाच्या उपचारांचा इतिहास या संदर्भात फार उद्‌बोधक आहे. लाल विंचवाच्या विषाने शरीरातील ॲड्रेनॅलीन-नॉरॲड्रेनॅलीन एकदम मोठ्या प्रमाणात स्रवतात. प्रथम रक्तदाब खूप चढतो, हातपाय गार पडतात, घामाच्या धारा लागतात. नंतर हा ताण न सोसल्याने हृदय दुबळे होते, दाब कोसळतो व फुप्फुसांत पाणी भरून विशेषतः लहान मुले दगावतात. अखेरची अवस्था पाहणाऱ्यास हा साधा अवसाद वाटे आणि त्यावर स्टेरॉइडे, ॲट्रोपीन, शिरेतून विद्राव असे उपचार होत. त्यांनी लाभ तर नाहीच, काही वेळा अपायच होई. रायगड जिल्ह्यातील महाड परिसरात काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९७६ पासून अशा रुग्णांजवळ रात्रंदिवस बसून रोगक्रमाच्या नोंदी केल्या. आरंभीच्या लक्षणांविषयीचा त्यांचा लेख १९८२ मध्ये व प्रॅझोसीन या औषधाच्या उपयोगाविषयीचा लेख १९८६ मध्ये लॅन्सेट या ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध झाला. प्रॅझोसीन हे वाहिन्या सैल करून रक्तदाब उतरविणारे औषध आहे. पहिल्याच मात्रेनंतर उभे राहिल्यास घेरी येते अशी त्याची ख्याती. जो रुग्ण दाब कोसळून मरणार त्यास दाब उतरविणारे औषध द्यावयाचे, ही गोष्ट वरकरणी विपरीत भासते. पण आवळलेल्या वाहिन्यांविरुद्ध झगडणाऱ्या हृदयाचा भार तेवढ्यानेच हलका होतो. रुग्णास आडवे ठेवून हे औषध लवकर दिल्यास पुढची अवस्था टळते. गंभीर रुग्णांत पूर्वी सु. ३० टक्के असलेले मृत्यूंचे प्रमाण त्यामुळे अत्यल्प झाले. पुढे प्रॅझोसिनाबरोबर विंचूदंशावरील प्रतिविष दिल्यास रुग्ण अधिक लवकर सावरतात, असेही २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसून आले. तालुक्याच्या गावी, सामान्य साधनांनिशी झालेले हे काम कोणत्याही मोठ्या संस्थेस भूषणावह ठरले असते.

अंगस्थितिजन्य न्यून रक्तदाब : माणूस उभा राहिला की अर्धा ते एक लिटरच्या आसपास रक्त पाय व पोट यांतील नीलांत उतरते. लेनर्ड हिल यांनी १८९५ मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांनी दाखविले, की वाहिन्या आवळणारी तंत्रिकायंत्रणा शाबूत नसेल तर केवळ गुरुत्वाकर्षणानेच मेंदूचा रक्तपुरवठा थांबू शकतो. १९२५ मध्ये ब्रॅडबरी व एगल्स्टन यांनी तीन रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. उभे राहताच त्यांचा दाब कोसळे, तरीही नाडीची गती वाढत नसे. त्यांना घाम येत नसे व उन्हाळा सोसत नसे. स्वायत्त तंत्रिका तंत्राच्या ऱ्हासाचे हे पहिले स्पष्ट चित्र होय. १९६० मध्ये शाय व ड्रेगर यांनी अशाच रुग्णांच्या मेंदू व मेरुरज्जूतील विकृती वर्णिल्या. मधुमेहात व कंपवातातही हा प्रकार वारंवार आढळतो.

उपचारांत सर्वांत टिकाऊ ठरलेला उपाय हा सर्वांत साधा होता. मॅक्लीन व ॲलन यांनी १९४० मध्ये पलंगाची डोक्याकडील बाजू उंच करून झोपण्याचा सल्ला दिला. रात्री सपाट झोपल्याने वृक्कावाटे मीठ व पाणी जास्त जाते व सकाळी उठताना दाब फार घसरतो. उशाकडील बाजू उंच ठेवल्यास हे टळते. फ्लुड्रोकॉर्टिसोन, मिडोड्रीन (अमेरिकेत १९९६ पासून) व ड्रॉक्सिडोपा (जपानमध्ये १९८९, अमेरिकेत २०१४) या औषधांचा उपयोग होतो, पण आडवे झाल्यावर दाब बेसुमार चढणे हा त्यांचा दोष आहे. उभे असताना पायांची तिढी घालून स्नायू आवळणे, उकिडवे बसणे यांसारख्या युक्त्यांनी दाब तात्काळ वाढतो, हे डच संशोधकांनी १९९२ मध्ये मोजून दाखविले. त्यांपैकी काही रुग्णांनी स्वतःच शोधून काढल्या होत्या. अर्धा लिटर पाणी झटपट प्याल्याने अशा रुग्णांचा दाब काही मिनिटांतच लक्षणीय चढतो, हे मात्र २००० सालापर्यंत कोणाच्या ध्यानात आले नव्हते.

सर्वसाधारण मूर्च्छा याहून निराळी. रक्त पाहून, वेदनेने किंवा गर्दीत ताटकळत उभे राहून निरोगी माणूस भोवळ येऊन पडतो. टॉमस लुइस यांनी १९३२ मध्ये तिची चिकित्सा करताना एक महत्त्वाचे निरीक्षण नोंदविले : ॲट्रोपीन देऊन मंदावलेली नाडी जलद केली तरी दाब सावरत नाही. याचा अर्थ हृदय मंद होणे हे मुख्य कारण नसून वाहिन्या सैल पडणे हे होय. १९४४ मध्ये लंडन येथे स्वयंसेवकांचे रक्त काढून केलेल्या प्रयोगांत मूर्च्छेच्या क्षणी स्नायूंतील वाहिन्या विस्फारतात हे प्रत्यक्ष मोजण्यात आले. अशा वेळी रुग्णास आडवे करून पाय उंच धरणे एवढेच पुरते. त्यास धरून उठवून बसविण्याची लोकांची धडपड घातक ठरू शकते. १९८६ पासून निदानासाठी रुग्णास कलत्या फळीवर बांधून उभे करण्याची परीक्षा रूढ झाली आहे.

आकड्याचा आजार : वरील सर्व प्रकारांत कारण दाखविता येते. परंतु रक्तदाबमापक सर्वत्र पोहोचल्यावर असे असंख्य लोक आढळले, की ज्यांचा दाब नेहमीच कमी असतो आणि जे थकवा, निरुत्साह, डोके हलके वाटणे अशी तक्रार करतात. जर्मन भाषिक देशांत याला प्रकृतिजन्य न्यून रक्तदाब असे नाव देऊन दाब वाढविणाऱ्या थेंबांचे व गोळ्यांचे मोठे प्रस्थ माजले. ब्रिटिश व अमेरिकन डॉक्टरांनी हा रोगच मानला नाही. लिन पेयर या पत्रकर्तीने १९८८ मध्ये निरनिराळ्या देशांतील वैद्यकाची तुलना करताना हे उदाहरण ठळकपणे मांडले. अमेरिकेतील आयुर्विमा कंपन्यांनी १९०७ च्या सुमारास अर्जदारांचा रक्तदाब मोजण्यास प्रारंभ केला होता. त्यांच्या लाखो विमापत्रांवरून विमागणितज्ञांच्या संस्थेने १९५९ मध्ये काढलेला निष्कर्ष असा, की ज्यांचा दाब सरासरीपेक्षा कमी ते सरासरीपेक्षा अधिक जगतात. ज्यास एका देशात औषध दिले जाई त्यास दुसऱ्या देशात विमा कंपनी आनंदाने स्वीकारीत असे.

तथापि प्रश्न एवढ्याने मिटला असे म्हणता येत नाही. १९९० च्या सुमारास ब्रिटनमध्येच झालेल्या लोकसंख्या-सर्वेक्षणांत न्यून रक्तदाब व थकवा यांचा दुबळा पण निश्चित संबंध आढळला. मात्र संबंध असणे म्हणजे औषधाने लाभ होणे नव्हे. जर्मनीत लोकप्रिय असलेले एटिलेफ्रीन वारंवार येणाऱ्या मूर्च्छेवर औषध नसलेल्या गोळीपेक्षा सरस ठरत नाही, असे १९९९ च्या चाचणीत दिसले. भारतात ‘लो बीपी’ हे निदान अजूनही सहज केले जाते आणि त्यामागे अनेकदा रक्तक्षय, अपुरा आहार, अतिश्रम किंवा मनाची खिन्नता दडलेली असते. सतत थकलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन न तपासता तिला बलवर्धक टोचणी देणे हा या निदानाचा सर्वांत वाईट परिणाम होय. कोरामीन हे एके काळी प्रत्येक डॉक्टरच्या पेटीत असणारे औषध आता मागे पडले आहे, पण ती वृत्ती समूळ गेलेली नाही.

दाब मुद्दाम उतरविण्याचे प्रकरणही येथे नमूद केले पाहिजे. शस्त्रक्रियेच्या जागी रक्तस्राव कमी व्हावा म्हणून १९४६ नंतर प्रथम रोहिणीतून रक्त काढून, मग मेरुरज्जूच्या शुद्धिहरणाने आणि १९५० पासून हेक्झॅमेथोनियमाने दाब ६०-७० मिमी. पर्यंत उतरविण्यात येऊ लागला. काही रुग्णांत मेंदूस इजा झाल्याने ही पद्धत निवडक शस्त्रक्रियांपुरतीच उरली. उच्च रक्तदाबाची औषधे आली तसा औषधजन्य न्यून रक्तदाब हा सर्वांत सामान्य प्रकार झाला. गँग्लियाँरोधक औषधांचे आरंभीचे रुग्ण उभे राहताच कोसळत. नंतरची औषधे सौम्य आहेत. परंतु वृद्धांत मूत्रल औषधे, पुरःस्थ ग्रंथीसाठी दिलेली वाहिनीविस्फारके व झोपेच्या गोळ्या एकत्र आल्या, की रात्री लघवीस उठताना पडून खुब्याचे हाड मोडणे ही नित्याची घटना होते. जेवणानंतर आतड्यांकडे रक्त वळल्याने दाब उतरतो हे १९७७ मध्ये प्रथम वर्णिले गेले व तेही मुख्यतः वृद्धांतच आढळते.

उभे राहिल्यापासून तीन मिनिटांत आकुंचन दाब २० मिमी. किंवा प्रसरण दाब १० मिमी. ने उतरल्यास तो अंगस्थितिजन्य न्यून रक्तदाब समजावा, असे तज्ञांच्या मंडळाने १९९६ मध्ये ठरविले व २०११ मध्ये त्यास दुजोरा दिला. तपासणीस रक्तदाबमापक व घड्याळ यांखेरीज काहीही लागत नाही. तरीही रुग्णाचा दाब एकदाच, बसल्या जागी मोजून कागदावर टिपला जातो. त्यास आडवे करून व मग उभे करून तो मोजण्याची तसदी थोड्याच ठिकाणी घेतली जाते.